युरोपच्या इतिहासाचा भिंतीवरचा कालपट: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये घेतला, आता मार्च चाललाय. असली वस्तू आठ दिवसांत कळत नाही म्हणून रिव्ह्यू लिहायला मुद्दाम थांबले होते.

आधी वस्तू काय ते सांगते. साधारण सात फूट लांब, दोन फूट उंच, लॅमिनेट केलेला पट आहे. डावीकडे १०६६ ला सुरू होतो, म्हणजे नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं तिथून, आणि उजवीकडे १७८९ ला संपतो. वरच्या पट्टीत राजे आणि लढाया, मधल्या पट्टीत धर्म, खालच्या पट्टीत विज्ञान, छपाई, प्रवास. सगळं मराठीत आहे आणि घ्यायचं मुख्य कारण तेच होतं. लेक बीएला इतिहास घेऊन दुसऱ्या वर्षाला आहे, आणला तिच्यासाठी, पण तिच्या खोलीत एवढी मोकळी भिंत नाही म्हणून हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या पॅसेजमध्ये लावला, आणि मग तो सगळ्या घराचाच झाला. माझं काम हिशेबाचं, इतिहास दहावीनंतर सुटलेला, तरी येता जाता दोन मिनिटं थांबून वाचायची सवय लागली. सासरे तर दुपारचा चहा तिथेच उभ्याने घेतात.

सगळ्यात मोठा फायदा आधी सांगते. लेकीच्या नोट्समध्ये प्रत्येक टर्निंग पॉइंट म्हणजे एक साल, पाच कारणं, पाच परिणाम. १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) घेतलं, मसाल्याचा रस्ता बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले. आम्हीही शाळेत हेच पाठ केलं होतं. पण पटावर बोट ठेवून डावीकडे सरकलं की १४१५ ला पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउटा घेतलेलं दिसतं, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या अडतीस वर्षं आधीच ते त्या किनाऱ्यावर उतरलेत आणि नंतर हळूहळू दक्षिणेकडे सरकत चाललेत. उजवीकडे गेलं तर १५१७ ला तुर्कांनी इजिप्त घेतलं असं आहे. म्हणजे १४५३ नंतरही चौसष्ट वर्षं इजिप्त मामलुक सुलतानांकडेच होतं आणि व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियाला जाऊन मिरी घेतच होते. मग रस्ता बंद कुठे झाला? हा प्रश्न लेकीने वर्गात विचारला, सरांनी पुढचा अर्धा तास त्यावरच घालवला, आणि त्या दिवशी घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघून मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

त्याच १४५३ वर अजून एक गोष्ट आहे जी पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत येते म्हणून कधी जोडलीच जात नाही. २९ मे ला कॉन्स्टँटिनोपल पडलं, आणि १७ जुलैला फ्रान्समध्ये कास्तियोंची लढाई झाली, जिथे इंग्रज हरले आणि शंभर वर्षांचं युद्ध संपलं. दोन महिन्यांचं पण अंतर नाही. आणि दोन्हीकडे तोफा! इकडे सुलतान मेहमदकडे ओर्बान नावाच्या कारागिराने ओतलेली प्रचंड तोफ, हजार वर्षं टिकलेल्या तटबंदीवर सात आठवडे मारा, आणि तिकडे फ्रेंच छावणीतल्या तोफांवर इंग्रज चालून गेले आणि भाजून निघाले. मला विचाराल तर खरं वळण त्या ओतीव धातूत आहे, कारण यापुढे तट बांधून आत बसलेला सरदार सुरक्षित राहिला नाही, आणि तोफखाना ज्याला परवडतो तो राजाच मोठा होत गेला.

आता पटावरची मला सगळ्यात आवडलेली जागा. खालच्या पट्टीत, १४५४ च्या शेजारी, काडेपेटीएवढं चित्र आहे, एका छापील कागदाचं. आधी मी ते युरोपात छापखाना सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या बायबलचं पान समजत होते. नीट वाचलं तर ते पापक्षमेचं पत्र निघालं, जर्मनीतल्या माइन्झ शहरात छापलेलं, पैसे घेऊन विकायचं. त्याचा मजकूर छापील आहे आणि विकत घेणाऱ्याचं नाव आणि तारीख हाताने भरायला जागा कोरी सोडलीय, आपल्या पावतीपुस्तकासारखी. आणि पैसे कशासाठी, तर सायप्रसच्या राजाला तुर्कांविरुद्ध मदत म्हणून. मी रात्री भांडी आवरून पुसून झाल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून ते चित्र बघत उभी होते. कॉन्स्टँटिनोपलची भीती, नवीन छापखाना आणि चर्चची पापक्षमेची विक्री, तिन्ही त्या एका कागदावर होते. पुढे १५१७ ला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जी तक्रार केली ती अशाच पत्रांच्या विक्रीबद्दल, आणि त्याने पत्र पाठवलं ते माइन्झचाच आर्चबिशप असलेल्या आल्ब्रेख्तला! म्हणजे छापखान्याने ल्यूथरचं म्हणणं पसरवलं हे खरंच आहे, पण ज्याच्या विरोधात तो बोलला ते कागदसुद्धा छापखान्यानेच थप्पीने काढून दिले होते.

इथेच पहिली तक्रार. १५१७ ला पटावर ल्यूथर हातोडा घेऊन विटेनबर्गच्या चर्चच्या दाराला कागद ठोकतोय असं मोठं रंगीत चित्र आहे. तो हातोडा पक्का सिद्ध झालेला नाही, त्यावर वाद आहेत. ३१ ऑक्टोबरची तारीख घातलेलं पत्र मात्र खरं आहे. एवढी जागा हातोड्याला दिलीय आणि १५२१-२२ मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून बसून ल्यूथरने अकरा आठवड्यांत बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला, ज्याने घराघरात वाचन शिरलं, त्याला अर्धी ओळ. १५२५ ला शेतकऱ्यांचं बंड चिरडलं गेलं, हजारो माणसं मेली आणि ल्यूथर सरदारांच्या बाजूने उभा राहिला, ते तर नाहीच.

प्लेगचंही तसंच. '१३४८ काळा मृत्यू' एवढा एक चौकोन, बस. तीनेक वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली हो! त्याला एक साल कसं पुरेल? १३४७ च्या ऑक्टोबरमध्ये सिसिलीतल्या मेस्सिनाला जहाजं लागली तिथून सुरू करायला हवं होतं. माणसं गेली म्हणून मजूर मिळेना, मजुरी वाढली, आणि १३५१ ला इंग्लंडने कायदा केला की मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच द्यायची घ्यायची. पुढे १३८१ ला तिथे शेतकऱ्यांचं बंड झालं, त्यात डोईपट्टीसोबत हा राग पण होताच. पटावर ही दोन्ही सालं आहेत पण प्लेगशी जोडणारी रेघच नाही, आम्ही लाल मार्करने ओढली. आणि रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, तिथे १३७७ ला बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा नियम झाला, नंतर तीसचे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या त्या चाळीसवरून क्वारंटाइन शब्द आला. २०२० मध्ये हा शब्द आपल्या गल्लीतल्या लहान पोराला पण पाठ झाला होता. हे पटावर हवंच होतं.

भाषांतराच्या चुका आहेत आणि त्या मला खरंच खुपतात. १५२१ ला 'वर्म्सचा आहार' छापलंय. वर्म्स हे गाव आहे आणि तिथे सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे साम्राज्याची सभा भरली होती, तिच्यात ल्यूथरला उभं केलं. कोणीतरी शब्दकोश बघून इंग्रजी 'डाएट' शब्दाचा पहिला अर्थ उचललाय. मराठी माध्यमातलं पोर हे वाचून काय समजेल? पट मराठीत काढायची मेहनत घेतली तर एकदा जाणकाराच्या नजरेखालून घालायला हवा होता.

तारखांचा गोंधळही आहे. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला असं १६४२ वर ठळक लिहिलंय. १५८२ ला पोपने कॅलेंडर सुधारलं, स्पेन, पोर्तुगाल, इटलीत ४ ऑक्टोबर गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर शुक्रवार आला, पण इंग्लंडने ते १७५२ पर्यंत मानलं नाही. त्यामुळे न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ हा जन्म नव्या मोजणीने ४ जानेवारी १६४३ होतो. पटावर एक तारीख नव्या हिशेबाची आणि दुसरी जुन्या, एकाच रकान्यात. माझ्या कामात असं केलं तर ताळेबंद जुळणार नाही.

आता तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या वेस्टफालियाच्या तहाचं बोलते. १६४८ ला जाड निळी उभी रेघ आणि 'आधुनिक राष्ट्रांचा जन्म'. ज्या पवित्र रोमन साम्राज्याबद्दल तह झाला ते पुढे १८०६ पर्यंत चालू होतं, मग एका दिवसात जन्म कसला? तहाची बोलणीही एका जागी नव्हती, म्युन्स्टर आणि ओस्नाब्र्युक अशा दोन गावांत होती, आणि बोलणी चालू असताना लढाया पण चालूच होत्या. १६३१ ला माग्डेबुर्ग शहर जाळलं, वीसेक हजार माणसं मारली गेली, ते पटावर नखाएवढ्या अक्षरात. तीस वर्षांचं युद्ध समजायचं तर आधी माग्डेबुर्ग वाचा, निळी रेघ नंतर.

सासऱ्यांचा रोजचा प्रश्न, 'मग तेव्हा आपल्याकडे काय?' म्हणून पटाखाली आम्ही पिवळ्या चिठ्ठ्यांची चौथी पट्टी केली. १५१० पोर्तुगीज आल्बुकेर्कने गोवा घेतलं. १५५६ गोव्यात छापखाना आला, तो खरं तर निघाला होता इथिओपियाला! म्हणजे गुटेनबर्गपासून गोव्याच्या मांडवी नदीपर्यंत शंभर वर्षं. १५६० गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. १६१६ फादर स्टीफन्सचं मराठीतलं क्रिस्तपुराण छापलं गेलं. आणि मुंबईची साखळी तर बघाच: १५८० ला पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेलं, १६४० ला सुटलं, स्पेनविरुद्ध मित्र हवा म्हणून १६६१ ला राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या राजाला द्यायचं ठरलं, हुंड्यात मुंबई, आणि १६६८ ला राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. सासरे लालबागला वाढले, ही साखळी वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत.

वस्तू म्हणून क्वालिटी ठीक आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली तेव्हा १२०० च्या आसपास लॅमिनेशन सुटलं, नेमकं १२०४ जिथे धर्मयुद्धाला निघालेल्यांनीच कॉन्स्टँटिनोपल लुटलं तिथे फुगा आलाय. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी पुरत नाही, वरून लाकडी पट्टी ठोकून घ्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजिबात लावू नका, फोडणीचा तेलकट थर बसतो. मार्कर मात्र ओल्या फडक्याने पुसला जातो, हे फार सोयीचं आहे.

घ्यावा का? कॉलेजात इतिहास असेल, स्पर्धा परीक्षा देत असाल, तर हो, पण सोबत लाल मार्कर घ्या आणि जाड रेघांवर विश्वास ठेवू नका, दोन रेघांच्या मधली जागा वाचा. शाळकरी मुलांना एकट्याने वाचायला देऊ नका, शेजारी मोठं माणूस बसवा. पाचपैकी साडेतीन स्टार देते. चुकांची दोन पानी यादी लेकीने आणि मी मिळून विकणाऱ्याला पाठवलीय, दिवाळीच्या आधी पाठवली होती, अजून उत्तर नाही. 'वर्म्सचा आहार'वर आम्ही कागद चिकटवून 'वर्म्सची सभा' लिहिलंय.