शीर वडिलांचीच, नळीचे २८,००० दलालाला

वडिलांच्या फिस्टुलापायी, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात त्यापायी, ३५,७०० रुपये एका दलालाच्या घशात गेले. लिहितानाही लाज वाटते. मी दुकानाचे हिशोब रोज बघणारा माणूस. पण गडहिंग्लज, चंदगडाकडनं माणसं डायलिसिसला कोल्हापुरात येतात, त्यांनी वाचावं.

डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीला इन्फेक्शन होऊन वडील थंडीतापानं कुडकुडत होते. डॉक्टर म्हणाले, हाताला फिस्टुला करून घ्या. बाहेर चहाच्या टपरीवर त्या दलालानं गाठलं. "दादा, मी महात्मा फुले योजनेचाच माणूस." फाइल मंजुरीचे ६,५००, शिरांच्या मॅपिंगचे १,२००, 'इम्पोर्टेड नळी'चे २८,०००. पावती उद्या. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

ऑपरेशनआधी सर्जननी वडिलांच्या डाव्या मनगटावर पेनानं खूण केली. म्हणाले, "शीर चांगली आहे, इथंच धमनीला जोडू." मी शेजारीच उभा होतो! शीर वडिलांची, धमनी वडिलांची, मग नळी बसणार कुठं? एवढं माझ्या तोंडातून निघालं नाही. कृत्रिम नळी, म्हणजे ग्राफ्ट, शिरा चालण्यासारख्या नसतील तेव्हा लागते. हे नंतर कळलं, डिस्चार्ज कार्डावर ग्राफ्टचं नावच नव्हतं तेव्हा. पण आठवड्याला तीन डायलिसिस, बाप डोळ्यांदेखत सुजतोय, अशा वेळी कोण उलटतपासणी घेतो?

हॉस्पिटल म्हणालं, व्यवहार गेटबाहेरचा. हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र म्हणाले, तो आमचा नव्हे. मग आमच्या वॉर्डातल्या फायली त्याला तोंडपाठ कशा? पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं आणि "तुम्हीच दिलेत की पैसे" म्हणून अर्जावर शिक्का मारून वाटेला लावलं. बँकेनं पोलिसांकडं बोट दाखवलं. चार खेपा, चार दिवस दुकान बंद. त्यातली एक खेप डायलिसिसच्या दिवशी, वडील एकटे रिक्षानं गेले.

महात्मा फुले या सरकारी योजनेत बसणाऱ्या उपचाराला एक रुपयाही द्यायचा नसतो. कुणी मागितला तर तिथंच उभं राहून १५५३८८ ला फोन लावा. "उद्यापासून याच हातानं डायलिसिस" म्हणणारा खोटारडा. फिस्टुला तयार व्हायला, म्हणजे शीर सुई टोचण्याजोगी व्हायला, सहा-आठ आठवडे लागतात. त्या हाताला सलाइन, बीपी, रक्ताची सुई काही नको. रोज बोटं ठेवून थरथर लागते का बघा, थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं पळा.

मंगळवारी तो त्याच टपरीवर दिसला, एका पोराला चहा पाजत होता. मी पोराला बाजूला घेतलं. त्यानं ६,५०० आधीच दिले होते.