धूर, तपकीर की रस? ॲमेझॉनमध्ये तंबाखू घेण्याआधी

पेरूतल्या इक्विटोसला किंवा ब्राझीलच्या आक्रे राज्यात वनौषधींच्या ओढीने जाणाऱ्याला कोणी ना कोणी तंबाखू देऊ करतंच. पेरूत तिला मापाचो म्हणतात. ही बहुधा निकोटियाना रस्टिका या जातीची तंबाखू असते, सिगारेटच्या तंबाखूपेक्षा निकोटीनने कितीतरी जहाल. आणि मुख्य म्हणजे अनेक जमातींत ती आधी वैद्याने घ्यायची असते. पथ्य पाळून, वर्षानुवर्षं शिकून. रुग्णाच्या वाट्याला थोडीच येते.

धुरात हे स्पष्ट दिसतं. पेरूतल्या शिपीबो जमातीचा वैद्य जाड विडी पेटवतो, तोंडभर धूर घेतो आणि रुग्णाच्या टाळूवर, ओंजळीत, छातीवर फुंकर घालतो. निवड माझ्यावर असेल तर मी हाच प्रकार घेईन. दमा असेल किंवा दिवस गेले असतील, तर मात्र हाही नको.

तपकिरीचं तसं नाही. आक्रेतल्या हुनी कुईन आणि यावानावा जमातींचे लोक सुकवलेली तंबाखू कुटून तिच्यात झाडाच्या सालीची राख मिसळतात आणि ती वस्त्रगाळ करतात. राख अल्कधर्मी असल्याने निकोटीन मोकळं होतं आणि नाकाच्या अस्तरातून झटकन रक्तात उतरतं. डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, कधी उलटीही. आपल्याकडची तपकीर स्वतःच्या चिमटीने ओढायची. इथे समोरचा माणूस लांब नळीतून ती तुमच्या नाकात फुंकतो, म्हणजे जोर त्याच्या हातात. घ्यायचीच असेल तर स्वतःच फुंकायची छोटी नळी, कुरिपे, मागा आणि अगदी कणभर घ्या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर नाहीच. घरी डबी आणून रोज ओढणं तर मुळीच नको. दात दुखतो म्हणून लावलेली मशेरी जन्मभर सुटत नाही, हे आपण घराघरांत पाहिलंय.

राहिला रस. पानं पाण्यात भिजवून किंवा उकळून प्यायची आणि ओकायचं. जंतांवर याचा उपयोग का होत असावा, हे समजतं: निकोटीन जंतांचे स्नायू लुळे पाडतं. पण मात्रा चुकली तर आपलेही स्नायू, श्वासाचेसुद्धा, त्याच मार्गाने लुळे पडतात. पानागणिक निकोटीन बदलतं, त्यामुळे पेल्यात किती उतरलं ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही. २०१५ मध्ये इक्विटोसजवळच्या एका शिबिरात असा काढा प्यायल्यावर न्यूझीलंडचा एक तरुण दगावला. पेरूतल्याच तारापोतो शहरातल्या ताकिवासी केंद्रात व्यसनमुक्तीसाठी हा रस देतात, पण तो निवासी उपचारांचा भाग म्हणून. आठवड्याच्या सहलीत पिणं वेगळं.

तरीही मोह होत असेल तर यजमानाला आधी विचारा: मात्रा कोण ठरवणार, त्याने हे कुणाकडून शिकलं, माझी औषधं त्याला सांगितली आहेत का, आणि रात्री दोन वाजता श्वास अडकला तर दवाखाना बोटीने किती तासांवर आहे? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर पेला तसाच परत करा.