नवं बांधलेलं इंजिन धूर मारतंय: सील, गाइड की रिंगा?

गणपतीला मुंबईहून आलेला मावसभाऊ सकाळी अंगणात गाडी सुरू करतो, मागून निळा धूर निघतो आणि ओटीवर चहा पीत बसलेले सगळे एकाच वेळी मेस्त्री होतात. "रिंगा गेल्या रे!" म्हणजे पिस्टनवरच्या कड्या झिजल्या आणि ऑईल वर येऊन जळतंय. भाऊ बिचारा सांगत राहतो, "अहो काका, इंजिन मे महिन्यातच बांधून घेतलंय." माझ्या जुन्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचंही हेच झालं होतं. अशा वेळी समोर तीन वाटा असतात: नुसते वॉल (व्हॉल्व्ह) सील, म्हणजे वॉलच्या दांडीवरून ऑईल खाली जाऊ न देणारे रबर, बदलायचे, हेड (सिलिंडरवरचं झाकण, वॉल त्यातच असतात) उतरवून गाइड घालायचे, नाहीतर इंजिन पुन्हा खालपर्यंत खोलायचं. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून घाई नको.

आधी जुनं बिल काढा. इंजिन बांधलं म्हणजे बहुतेक वेळा बोअर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग एवढंच. हेडचं काय केलं विचारलं तर उत्तर येतं, "वॉल घासून बसवलेत." म्हणजे पेस्ट लावून वॉल सीटवर (बंद होताना ते टेकतात त्या कडेवर) बसवले, वॉलची दांडी ज्या नळीत वरखाली होते ते गाइड जुनेच. खालचा भाग नवा आणि घट्ट झाला की इंजिनाची ओढ वाढते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) पूर्वीपेक्षा जोरदार व्हॅक्युम तयार होतो आणि ढिल्या गाइडमधून हेडवरचं ऑईल खेचून घेतो. बांधण्याआधी न दिसलेला धूर बांधल्यावर दिसतो तो असा, आणि शिव्या मात्र रिंगांना बसतात.

धूर किती यापेक्षा कधी, ते बघा. आम्हा चिपळूणकरांना त्यासाठी कराडच्या वाटेवरचा कुंभार्ली घाट आयता मिळालाय. वरून उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा (इंजिन बंद करून उतरण्याचा वेडेपणा नको). पोफळीला खाली आलात की पाय दाबा. त्या क्षणी मागच्या गाडीतल्या माणसाला निळा लोट दिसला आणि लगेच विरला, तर संशय हेडवर. उलट गाडी भरलेली, घाट चढतेय आणि धूर सतत येतोय, तर संशय रिंगांवर. सकाळच्या पहिल्या स्टार्टला भपकारा येऊन मिनिटाभरात साफ होत असेल तर तेही हेडचंच लक्षण; रात्रभरात ऑईल दांडीवरून झिरपून खाली जमलेलं असतं. श्रावणातल्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ यात धरू नका. आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्याच गाड्या वाफ सोडतात.

डिझेलवाल्यांनी घाटाच्या या परीक्षेवर फार विसंबू नये. जुन्या डिझेल इंजिनात सहसा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून तसा व्हॅक्युमही नसतो. शिवाय टर्बोचं सील गेलं तरी धूर निळाच.

रिंगांचा निकाल कंप्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) लावते. एकदा कोरडी घ्यायची, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा. आकडा चांगलाच चढला तर रिंगा किंवा बोअर. माझ्या गाडीचे तिन्ही आकडे सारखे होते आणि ऑईल टाकूनही जेमतेम हलले. ऑईल फिलरचं झाकण काढल्यावर बॅक कंप्रेशनही (रिंगांमधून निसटून तिथून बाहेर येणारा दाब) नव्हतं. खालचं काम ठीक होतं. एक मात्र खरं, नव्या रिंगा बोअरमध्ये बसायला हजार-दीड हजार किलोमीटर लागू शकतात. त्याआधी कुणालाही इंजिन खोलू देऊ नका. आणि पीसीव्ही वॉल (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये परत सोडणारा) तुंबलाय का, ऑईल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे गेलंय का, हे फुकटात बघून घ्या.

खरा पेच सील की गाइड हाच. धुरावरून हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. कुणी छातीठोक सांगत असेल तर मान हलवा आणि पैसे देऊ नका. व्हॅक्युम गेज असेल तर थोडी मदत होते: आयडलला काटा भराभर थरथरतो आणि रेस वाढवल्यावर स्थिर होतो, तर गाइड ढिले असण्याची शक्यता बरीच.

सीलचं काम स्वस्त. पुष्कळ इंजिनांत हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन वॉल वर धरतात, स्प्रिंग काढतात, सील बदलतात. मी तेच केलं आणि चार महिन्यांत धूर परत आला. मग हेड उतरवलं. मेस्त्रींनी एक इनटेक वॉल थोडा उचलून धरला आणि माझ्या हातात दिला: "हलवून बघा, भाऊ." कुलुपात सैल किल्ली हलावी तसा वॉल डावी-उजवीकडे लडबडत होता. काढलेल्या सीलची कड एका बाजूने कातरल्यासारखी झिजलेली, दुसऱ्या बाजूने कोरी. सील बिचारं काय करणार, दांडीच त्याला रोज एका अंगाने रगडत होती.

छोट्या पेट्रोल इंजिनांत दांडी आणि गाइड यांच्यात साधारण ०.०२ ते ०.०६ मिमी फट असते. इनटेकला कमी, एक्झॉस्टला थोडी जास्त. ०.१ मिमीच्या पुढे गेलं की सीलवर पैसे घालणं म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवणं. सील काढलेलंच असतं तेव्हा डायल गेज लावून ही हालचाल मोजायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मागून घ्या.

गाडी बाराही महिने धावते, आठवड्याला मुंबई-गोवा हायवेवर असते, तर मी गाइडच म्हणेन. वर्षातून गणपती आणि शिमग्यालाच सुरू होणारी, एरवी पडवीत उभी राहणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रबर उष्णतेने आणि वयाने कडक झालेलं असतं, गाइड शाबूत असू शकतात. आधी सील करा. आणि खुशाल थोडं ऑईल पिऊ दे असंही ठरवता येतं. हजार किलोमीटरला पाव लिटरसाठी मी तरी हेड उतरवणार नाही. प्लग काळे, ओले होऊन मिसिंग यायला (इंजिन मध्येच ठोका चुकवायला) लागलं की बघू.

गाइड घालायचे ठरलं तर हेड लेथवर जाणार. आमचं घाटावर, कराडला गेलं. जुने गाइड ठोकून काढणं, नवे बसवणं, रीमर मारणं (भोक नेमक्या मापाला आणणं) आणि मग सीट पुन्हा कापणं, हे सगळं एकत्र ठरवून घ्या. नवं गाइड जुन्या सीटच्या बरोबर मध्यावर येईलच असं नाही, आणि सीट न कापता वॉल बसवले तर धूर जातो पण कंप्रेशन गळतं.

हेड पोत्यात गुंडाळून परत आलं तेव्हा मेस्त्रींनी ते लगेच बसवलं नाही. वॉल गळतात का बघायला पोर्टमध्ये (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटांत) रॉकेल ओतलं आणि आम्ही चहाला गेलो. येऊन बघतो तर दोन नंबरच्या एक्झॉस्ट वॉलच्या कडेला ओलसर रेघ. हेड पुन्हा पोत्यात आणि संध्याकाळच्या एसटीने पुन्हा कराडला.