दिवाळी ते पावसाळा : गाडीतला नवा डेक, पेन ड्राइव्ह, फोन आणि एक जुना आयपॉड

आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गाडीत नवी म्युझिक सिस्टीम बसवली म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो "बास कसा आहे?" हाच. बास चांगला आहे. पण रोज गाडी चालवणाऱ्याच्या कानाला नव्या आवाजाची सवय आठवड्याभरात होते. पुढे जे सुख किंवा जो वैताग वाट्याला येतो, तो डेकच्या वागणुकीतून. किल्ली फिरवल्यावर काल अर्धवट राहिलेलं गाणं तिथूनच सुरू होतं का, पेन ड्राइव्ह वाचायला किती वेळ लावतो, फोन जोडताना नखरे करतो का, गाण्यांचा क्रम पाळतो का. दुकानात पाच मिनिटं उभं राहून यातलं काहीही कळत नाही.

गाडी २०१२ची हॅचबॅक. कंपनीचा मूळ डेक सीडीवाला होता आणि प्रत्येक दुसरी सीडी तो बाहेर थुंकायला लागला होता. गेल्या दिवाळीत त्याच्या जागी डबल डिनचा, म्हणजे दुप्पट उंचीचा, टचस्क्रीन बसवला. ब्लूटूथ आहे, समोर एक यूएसबी, मागून वायर काढून कप्प्यात दुसरी यूएसबी आणि ऑक्स (बाहेरच्या यंत्राचा आवाज वायरने डेकमध्ये घ्यायचं भोक). पुढच्या दारांत नवे साडेसहा इंची स्पीकर टाकले, मागचे जुनेच ठेवले. मॉडेलचं नाव देत नाही. ही मॉडेलं वर्षभरात बाजारातून गायब होतात आणि खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक या किमतीच्या कुठल्याही डेकला लागू पडेल. खोक्यावर "५० वॅट × ४" असं ठळक छापलेलं असतं, तिकडे दुर्लक्ष करा. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. सलग मिळणारी ताकद त्याच्या निम्म्याहून कमी भरते. हॅचबॅकला तेवढी पुष्कळ झाली.

बसवताना मी एकच अट घातली होती, मूळ वायरिंग कापायचं नाही. दुकानदार म्हणाला, "भिया, कपलर लगा देंगे, एक तार नहीं कटेगी," आणि शब्दाला जागला. मात्र कपलरने, म्हणजे मूळ तारांना जोडायच्या तयार प्लगने, बसवलं तरी दोन तारा तपासून घ्याव्यात. पिवळ्या तारेत बॅटरीचा करंट कायम असतो, त्यावर डेकची आठवण टिकते. लाल तार किल्लीबरोबर चालू-बंद होते. काही गाड्यांच्या कपलरमध्ये या दोघी उलट येतात आणि मग डेक रोज सकाळी नवा जन्म घेतो: घड्याळ बाराला, इक्वलायझर सपाट, गाणं पहिल्यापासून. दुकानातून निघण्याआधी किल्ली काढा, चहा प्या, परत किल्ली लावून बघा. तेवढी परीक्षा पुरते.

शहरात, म्हणजे इंदुरात, मी ब्लूटूथच वापरतो. राजेंद्रनगरहून विजयनगरला जाताना ए. बी. रोडच्या गर्दीत एसबीसी आणि एएसी या ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या दोन पद्धतींमधला (कोडेकमधला) फरक ऐकू आला असं कुणी म्हटलं, तर मी त्याच्या कानाला हात जोडेन. बस, रिक्षा आणि हॉर्न यांच्यावर मात करायला कुठलाही कोडेक पुरत नाही. खरी गोष्ट आवाजाच्या दोन बटणांची आहे. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून डेकचा वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते. फोन जवळपास पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त डेकवर करायचं. एवढं सांगूनही घरातल्या कुणीतरी फोन हातात घेतला की तो निम्म्यावर येतोच.

ब्लूटूथचा दुसरा घोळ म्हणजे दोन फोन. डेक दोन्ही फोन ओळखतो आणि गाडी सुरू झाल्यावर आधी जो सापडेल त्याला चिकटतो. बायको सोसायटीच्या फाटकाशी शेजारणीशी बोलत उभी असते आणि तिची वहिनी गाडीतल्या चारही स्पीकरमधून माझ्याशी बोलायला लागते. सेटिंगमध्ये "शेवटचा फोन आधी" असा पर्याय सापडला, त्याने बरंच निभावलं. व्हॉट्सअ‍ॅपची सूचना आली की गाणं दबतं, त्यासाठी मात्र फोनचा आवाजच बंद ठेवावा लागतो.

शहराबाहेर पडलं की चित्र बदलतं. खंडवा रोडने सिमरोल सोडून भेरूघाट उतरायला लागलो की नेटवर्क येतं-जातं आणि ऑनलाइन ऐकत असलेलं गाणं तानेच्या मध्यात लटकतं. ओंकारेश्वर असो की महेश्वर, लांब जाताना माझा भरवसा पेन ड्राइव्हवर. आणि या डेकने सगळ्यात जास्त छळलंय तेही पेन ड्राइव्हवरूनच.

पहिला मुद्दा फॉरमॅटचा, म्हणजे पेन ड्राइव्हवर फायली मांडायच्या पद्धतीचा. ६४ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह लावला तर डेक म्हणतो, काही जोडलेलंच नाही. मोठे पेन ड्राइव्ह दुकानातून बहुतेक वेळा एक्सफॅटमध्ये येतात आणि या डेकला फक्त फॅट३२ वाचता येतं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्यायच दिसत नाही. वेगळं सॉफ्टवेअर घेऊन जमतं, पण मी सरळ ३२ जीबीचा घेतला. ३२० केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण अडीच एमबी लागतात, म्हणजे त्यात दोनशे तासांहून जास्त गाणं मावतं. इंदूरहून पुण्याला जाऊन आलं तरी एक गाणं परत वाजायचं नाही. डेक फ्लॅकही (दर्जा न गमावता साठवलेल्या मोठ्या फायली) वाजवतो. वाजवू दे, चालत्या गाडीत मला त्याचा उपयोग दिसला नाही, आणि फोल्डर उघडायला तो जास्त वेळ खातो तो वेगळाच.

दुसरा मुद्दा क्रमाचा. आईच्या आरत्यांचं फोल्डर मी नीट ०१, ०२, ०३ असे आकडे घालून भरलं होतं. डेकने मंत्रपुष्पांजलीपासून सुरुवात केली. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, आधी गणपती घे ना! ही कसली घाई?" कारण असं की फॅट३२मध्ये फायलींची नोंद ज्या क्रमाने त्या लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने राहते. संगणक पडद्यावर दाखवताना त्या नावानुसार लावून दाखवतो, म्हणून आपल्याला सगळं सुरळीत वाटतं. हा डेक तसले कष्ट घेत नाही, जशी नोंद सापडेल तसा वाजवत सुटतो. तुम्ही घातलेले आकडे तो वाचतही नाही. उपाय दोन. पेन ड्राइव्ह पूर्ण रिकामा करून एकेक फाइल क्रमाने टाकायची, किंवा सगळं एकदम भरून फॅटसॉर्टसारख्या छोट्या सॉफ्टवेअरने नोंदी नावानुसार लावून घ्यायच्या. मी दुसरा मार्ग धरला, आणि तेव्हापासून आरत्या क्रमाने होतात. नंतर एखादं गाणं वाढवलं तर ते शेवटी जाऊन बसतं, सॉर्ट पुन्हा करावं लागतं.

भाचीने एकदा तिच्या मॅकवरून गाणी भरून दिली. तेव्हा दर गाण्याच्या जोडीला एक मुकं गाणं दिसायला लागलं, त्यावर डेक थांबायचा, "वाजवता येत नाही" म्हणायचा आणि पुढे जायचा. मॅक फॅट३२वर लिहिताना टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली जोडीला ठेवतो. संगणकावर त्या दिसत नाहीत, डेकला दिसतात. विंडोजमध्ये लपलेल्या फायली दाखवायला सांगून त्या पुसल्या की सुटलात.

आता मराठी नावं. फाइलचं नाव किंवा गाण्याचा टॅग (फाइलच्या आत नोंदलेलं गाण्याचं, गायकाचं नाव) देवनागरीत असेल तर बऱ्याच स्वस्त डेकवर नुसत्या चौकोनी डब्यांची रांग दिसते. माझ्या डेकमध्ये देवनागरी अक्षरं आहेत, पण ती जोडायची अक्कल नाही. "किशोरी"मधली पहिली वेलांटी ककाराच्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षरं हलंतासकट सुटी दिसतात. वाचता येतं, पण गाडी चालवता चालवता नाही. शेवटी कंटाळून मी फोल्डरांची नावं रोमन लिपीत केली. मराठी माणसाला मराठी गाण्यासाठी हे करावं लागतं याचा राग येतो. पडद्यावर रंगीबेरंगी वॉलपेपर चाळीस द्यायचे आणि वेलांटी जागेवर ठेवायची नाही, हा कुठला हिशेब?

याहून मोठा त्रास आवाजाच्या पातळीचा आहे. आमच्याकडे इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ खूप ऐकले जातात. इंदुरात राहून ते ऐकायचे नाहीत तर कुणी ऐकायचे? त्यांचा झुमरा तालातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल खर्जातून, अगदी सावकाश उठतो. जुनं ध्वनिमुद्रण, त्यात टायरचा आणि एसीचा आवाज, त्यामुळे सुरुवातीची कितीतरी मिनिटं हरवूनच जातात. म्हणून आवाज वाढवायचा. मग ख्याल संपतो, पुढच्या फोल्डरमधलं नव्या सिनेमाचं गाणं सुरू होतं आणि सगळी गाडी दचकते. हल्लीची गाणी मुळातच चढ्या पातळीवर तयार केलेली असतात. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पातळी सारखी करण्याची सोय असते. पेन ड्राइव्हवरून वाजवताना असे डेक सहसा काही करत नाहीत. यावर एमपी३गेन हे जुनं, फुकट सॉफ्टवेअर कामाला आलं. ते गाणं पुन्हा एन्कोड न करता फाइलमधलीच पातळी दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी वर-खाली करतं, त्यामुळे कुठल्याही डेकवर परिणाम होतो आणि दर्जा बिघडत नाही. नवी गाणी खाली आणली, जुनी जमतील तेवढी वर. खाँसाहेबांच्या खर्जाचं मात्र काही होत नाही. ख्यालाच्या आतलाच चढ-उतार तेवढा आहे, तो दाबला तर मग ऐकायचं कशाला? ते गाडी थांबवून ऐकावेत, किंवा घरी. देवास रोडला कुमारजींची, म्हणजे कुमार गंधर्वांची, भजनं छान चालतात, ती पहिल्या सुरापासून समोर येऊन उभी राहतात.

आयपॉडची गोष्ट वेगळी. क्लासिक, १६० जीबीचा, हार्ड डिस्कवाला. अ‍ॅपलने तो २०१४ मध्येच बंद केला. मेहुण्याने अमेरिकेतून आणला होता, आता माझ्याकडे असतो आणि त्यात सासऱ्यांचा आयुष्यभराचा नाट्यसंगीताचा साठा आहे. नव्या डेकला यूएसबीने जोडला तर तो फक्त चार्ज होतो, गाणी दिसत नाहीत. राहिला ऑक्स. हेडफोनच्या भोकातून वायर घेतली तर आवाज ठीक येतो. त्याच्या खालच्या तीस पिनांच्या जोडणीतून लाइन-आउटची वायर घेतली तर त्याहून स्वच्छ येतो, कारण त्या वाटेवर आयपॉडचं स्वतःचं आवाजाचं बटण येतच नाही, पातळी ठरलेली असते.

पण ऑक्सला एक रोग आहे. आयपॉड ऑक्सवर वाजतोय आणि त्याच वेळी सिगारेट लायटरच्या चार्जरवर चार्जही होतोय, अशी जोडणी केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. चार्जर काढला की शांत. दोष स्पीकरचाही नसतो, डेकचाही नसतो. चार्जरची अर्थिंगची तार आणि ऑक्सची अर्थिंगची तार असे दोन रस्ते मिळून वेटोळं तयार होतं आणि अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) आवाज त्यातून गाण्यात शिरतो. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मिळते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ऑक्सच्या वायरीमध्ये लावायची. शिट्टी पूर्ण गेली. स्वस्तातली डबी खालचा बास थोडा खाते. नाट्यसंगीतात ऑर्गन, तबला, सारंगी चालू असताना मला ते जाणवलं नाही, ढोल-ताशा लावल्यावर लगेच जाणवलं. ब्लूटूथवर ही भानगडच नाही, मध्ये वायर नसते.

आणखी एक, ज्यांच्या नव्या फोनला हेडफोनचं भोक नाही त्यांच्यासाठी. टाइप-सीवरून ऑक्स काढणारे अ‍ॅडॉप्टर दिसायला सारखे असले तरी दोन जातीचे असतात. एकात आवाज तयार करणारी चिप असते. दुसरा नुसती वायर आहे आणि फोनने आयता आवाज दिला तरच चालतो. आमच्याकडचा स्वस्त अ‍ॅडॉप्टर एका फोनवर गातो, दुसऱ्यावर मुका. घेताना आपला फोन बरोबर नेऊन दुकानातच वाजवून बघावा.

उन्हाळ्याचं थोडक्यात. मे महिन्यात गाडी दुपारी उघड्यावर राहिली की धातूचा पेन ड्राइव्ह हाताला चटका देतो, बिघडला मात्र नाही. काचेपाशी स्टँडवर लावलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, तो एसीच्या जाळीवर लावला की निभतं. डेकची यूएसबी फोन फार सावकाश चार्ज करते. नकाशा चालू असेल तर चार्जिंगला लावूनही टक्के उतरतात.

टचस्क्रीन परत घेईन का? नाही. घाटात वळण घेताना आवाज कमी करायला काचेवर बोट टेकवून जागा शोधावी लागते, नजर रस्त्यावरून हटते. गोल फिरणारं बटण हाताला न बघता सापडतं. म्हणून सासऱ्यांच्या गाडीत गेल्या महिन्यात साधा सिंगल डिन बसवला: मोठं गोल बटण, फोल्डर पुढे-मागे करायच्या दोन कळा, ब्लूटूथ, यूएसबी आणि समोरच ऑक्स. माझ्या डेकच्या निम्म्या किमतीत. फायली नावानुसार लावून वाजवतो. देवनागरी दाखवत नाही, पण दाखवतो असा आवही आणत नाही.