'आदत' म्हणून घेतलेला वळू आणि माझे १,८५,००० रुपये

हे लिहिताना लाज वाटते, कारण मी हौसेने गाई पाळायला निघालेला नवखा माणूस नाही. आमच्या दावणीला तीन पिढ्यांपासून खिलार जातीची जनावरे आहेत, आणि तरीही गेल्या पौषात माणदेशातील एका यात्रेच्या बाजारात मी २,१५,००० रुपये मोजून असा खोंड घेतला, की ज्याच्यापासून एकही गाय गाभण राहिली नाही. दलाली ४,३००, पिकअपचे भाडे ६,५०० आणि बाजाराची पावती २०० धरून, तो दारात उतरेपर्यंत २,२६,००० रुपये गेले होते.

हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, कसे बोलतात आणि गर्दीत उभे केलेले खोटे गिऱ्हाईक भाव कसा चढवते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. मलाही ते ठाऊक होते. परंतु डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून खिलार खोंडांना असा भाव आला आहे, की विचार करायला थांबलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत जनावर दुसऱ्याच्या गाडीत चढते. माझ्या घाईचे कारण एवढेच होते, आणि ते कारण मला आजही अगदीच खोटे वाटत नाही.

खोंड दिसायला देखणा होता. वशिंड ताठ, कातडी पातळ, पाय सरळ, चालीत दम. मी मागे जाऊन वृषण पाहिले तेव्हा ते मला लहान वाटले, आणि तसे मी बोलूनही दाखवले. व्यापारी हसून म्हणाला, "दादा, आदत हाय अजून, दीड वर्साचं पोरगं. वाढंल की अंगाबरोबर." (आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत असा.) आणि त्याने स्वतःच खोंडाचे तोंड उघडून दाखवले. पहाटेचा अंधुक उजेड होता, खोंड मान झटकत होता आणि व्यापाऱ्याचा अंगठा खालच्या ओठावर, बरोबर मधल्या दोन दातांवर होता. आमच्याकडे वीस वर्षे असलेला गडी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "मालक, मधले दात रुंद दिसत्यात." मी त्याला गप्प बसवले. तो क्षण मी गेले कित्येक महिने रोज रात्री पुन्हा जगतो आहे. दुधाचे दात बारीक असतात आणि पक्के दात फावड्यासारखे रुंद असतात, हे मला गड्याने सांगावे लागावे, आणि सांगूनही मी ऐकू नये! जनावराचे तोंड विकणाऱ्याला उघडू देऊ नका. स्वतः उघडा, पाण्याने धुवा आणि उजेडात पाहा.

कारण सारी लबाडी त्या अंगठ्याखाली होती. खोंड आदत नव्हताच, दुसा होता. म्हणजे दोन पक्के दात आलेला, अडीच-तीन वर्षांचा. दीड वर्षाच्या खोंडाचे वृषण लहान असणे खपून जाते, परंतु तेच माप तीन वर्षांच्या वळूचे असेल तर तो दोष ठरतो. वय चोरले की व्यंग आपोआप झाकले जाते.

व्यापाऱ्याने तोंडी हमी दिली होती की दोन महिन्यांत गाय राहिली नाही तर जनावर परत घेईन. खोंडाची गाईवरची उडी चांगली होती, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती. परंतु उडी चांगली म्हणजे बीज चांगले, असे नसते. पहिल्या गाई एकविसाव्या दिवशी उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या, तेव्हा मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला की प्रवासात अंगात ताप भरला असेल, आणि नवे बीज तयार व्हायला दोन महिने लागतात. गंमत अशी की हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. वळूच्या शरीरात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण साठ दिवस लागतातच. त्याने खरे बोलून माझी मुदत संपवली. त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही.

एकूण २३ गाई उलटल्या आणि वळू दाखवण्याचे घेतलेले प्रत्येकी ५०० प्रमाणे ११,५०० रुपये मी गाईंच्या मालकांना परत केले. अखेरीस खाजगी डॉक्टरांकडून तपासणी केली, तिला रक्ततपासणीसह २,४०० रुपये लागले. वृषणकोशाचा घेर २४ सेंटीमीटर भरला, डावे वृषण उजव्याच्या निम्मे आणि दगडासारखे घट्ट होते, वीर्य पाण्यासारखे पातळ होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली हलणारे शुक्रजंतू जवळजवळ नव्हते. हे जन्मतः आहे की जुन्या इजेमुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही. सांसर्गिक गर्भपाताची चाचणी निर्दोष आली, ही कृपाच. ती न करता मी गावभरच्या गाईंवर वळू सोडला होता, हा मूर्खपणा माझा.

अमेरिकेत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातींच्या तरुण वळूंचा घेर टेपने मोजतात. पंधरा महिन्यांपर्यंत किमान ३० आणि दोन वर्षांनंतर किमान ३४ सेंटीमीटर, तीस टक्के शुक्रजंतूंची हालचाल व सत्तर टक्के शुक्रजंतू निर्दोष, एवढे भरल्याशिवाय वळू पैदाशीस योग्य ठरवत नाहीत. आपल्या देशी जाती उशिरा वयात येतात, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु टेप तर लावता येते. शिंप्याची टेप वीस रुपयांना मिळते. तिकडे नापास वळू निदान मांसाच्या भावाने जातो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी असल्याने, फसलेल्या माणसाला तो पोसावा लागतो किंवा कामासाठी विकावा लागतो. मी १६५ दिवस रोज १४० रुपयांप्रमाणे २३,१०० रुपयांचा चारा घातला.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की हा दिवाणी वाद आहे. बाजार समितीत सांगितले की पावतीवर किंमत असते, जनावराची हमी नसते. पशुवैद्यकीय कार्यालयात मी कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक दिला, तेव्हा नोंदीत खोंडाचे वय २ वर्षे ११ महिने निघाले! ही नोंद खरेदीच्या दिवशीच पाहता आली असती, बिल्ल्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. तुम्ही इसार देण्याआधी ती पाहा. त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत मागितली, तर उत्तर मिळाले की वय मालकाच्या सांगण्यावरून अंदाजे लिहिलेले असते, ते पुरावा म्हणून देता येणार नाही. मग बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री करू नका असे आम्हाला बजावतात ते कशासाठी? एका साहेबांनी तर विचारले, "एवढे जाणकार असून घेतलाच कसा?" वकिलांचे म्हणणे असे की १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, पैदाशीसाठी घेतो आहे हे विक्रेत्याला सांगितलेले असेल तर दावा लागू शकतो; परंतु तसे कागदावर हवे. माझ्याकडे कागद नव्हता. 'पैदाशीसाठी' हा एक शब्द पावतीच्या मागे लिहून सही घ्या, मग व्यापारी कितीही रागावो.

मी पशुवैद्यकीय कार्यालयात लेखी तक्रार देऊन तीन वेळा विचारले की जनावर ठेवू की विकू. उत्तर आले नाही. शेवटी दोष स्पष्ट सांगून ७८,००० रुपयांना औताच्या कामासाठी विकला. एकंदर खर्च २,६३,००० रुपये झाला होता, म्हणजे १,८५,००० रुपये बुडाले. विक्रीनंतर आठव्या दिवशी कार्यालयाचे पत्र आले, की चौकशीसाठी सदर जनावर कानातील बिल्ल्यासह समक्ष हजर करावे.