कोपरखैरणेत गच्चीवरचा कलर पत्रा आणि देवघरावरचं तांबं, ३ पावसाळ्यांनंतर

आमचं रो हाऊस कोपरखैरणेत खाडीच्या बाजूला आहे, वर साधारण ४५० फुटांची गच्ची. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिच्यावर नवीन पत्रा टाकला त्याचा हा रिव्ह्यू. मुद्दाम ३ पावसाळे जाऊ दिले, कारण टाकल्या टाकल्या सगळ्यांचाच पत्रा छान दिसतो.

आधी जुन्या शेडचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. २०१८ ला एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली होती, नाव घेत नाही. त्याने पत्रे वर चढवले आणि वरच ग्राइंडरने कापले, ठिणग्या सगळ्या बाकीच्या पत्र्यांवर. आम्हाला तेव्हा काय कळतंय. गणपतीपर्यंत निळ्या पत्र्यावर तिळाएवढे तांबूस ठिपके उठले, अंगावर गोवर उठावा तसे. माझे सासरे, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ते म्हणाले गंजका माल दिला. माल बरा होता हो, ग्राइंडरचा गरम लोखंडी कीस उडून रंगात रुतला होता आणि तो गंजत होता. वर ग्राइंडरने कापलेल्या कडेचं कोटिंग जळतं ते वेगळंच. मग भिंतीला पत्रा टेकतो तिथे गवंड्याने सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातला गोलसर लेप, मारला, गच्चीत मारतात तसाच. ओल्या सिमेंटचा क्षार पत्र्यावरच्या कोटिंगमधल्या अ‍ॅल्युमिनियमला खातो, त्या रेषेत आधी पांढरी भुकटी आली आणि २ वर्षांत भोकं. एसीच्या तांब्याच्या पाइपचं पाणी जिथे टपकायचं तिथेही तेच, रुपयाएवढं भोक.

आणि मग १७ मे २०२१, तौक्ते. कडेला स्क्रू पत्र्याचे ३-३ उंचवटे सोडून मारलेले, दिवसभर पत्रा आपटत होता आणि संध्याकाळी एक उचकटून शेजारच्या गच्चीत जाऊन पडला. तिथे त्यावेळी कोणी नव्हतं ही देवाची कृपा, नाहीतर आज मी हे लिहायला बसले नसते. त्या दिवसापासून ठरवलं की पुढचं छप्पर मी स्वतः उभी राहून करून घेणार.

मग कळंबोलीच्या स्टील मार्केटला ३ चकरा मारल्या. दुकानात जो येतो तो फक्त जाडी विचारतो, पॉइंट फाइव्ह, म्हणजे अर्धा मिलिमीटर, आहे का. जाडी विचाराच, पण ती कोटिंग आणि रंग धरून आहे की नुसत्या पोलादाची तेही विचारा, आणि मुख्य म्हणजे कोटिंग किती ते विचारा. गॅल्व्हल्यूम म्हणतात तो पोलादाचाच पत्रा, त्यावर ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉनचा थर असतो. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम थर. एझेड ७० पण मिळतो, रंग तोच, चमक तीच, हातात घेतला तर फरक कळत नाही, फरक कळतो तो खाडीचा वारा ४ वर्षं खाल्ल्यावर. चांगल्या कंपनीच्या पत्र्याच्या पाठीवर नाव आणि माप छापलेलं असतं, तो पत्रा उलटा करून वाचा, दुकानदाराला राग आला तरी चालेल. आणि वॉरंटीच्या कागदात खाऱ्या पाण्यापासून अंतराची अट असते का बघा, आपल्याकडे खाडीही आहे आणि मागे ठाणे-बेलापूर रोडच्या केमिकल कंपन्याही आहेत.

दादांचं मन मात्र तांब्यावर होतं. केरळात फिरायला गेलो होतो तेव्हा देवळांच्या गाभाऱ्यांवर तांब्याचे पत्रे बघून आले होते, राष्ट्रपती भवनाच्या घुमटावरही तांबंच आहे हे ते १० वेळा सांगायचे. त्यांचं चूक नव्हतं. तांब्याला रंग द्यावा लागत नाही, खाऱ्या हवेत ते आधी तपकिरी पडतं मग हळूहळू हिरवं, आणि तो हिरवा थरच खालच्या धातूला सांभाळतो. त्यांना घेऊन मुंबईत तांबाकाट्याच्या तांब्या-पितळेच्या बाजारात गेले, भाव काढला, तर नुसत्या पत्र्याचेच पैसे गॅल्व्हल्यूमच्या दहापटीच्या वर जात होते. ४५० फूट शक्यच नव्हतं. दादा काही बोलले नाहीत, येताना लोकलमध्ये वाशी येईपर्यंत गप्प. मग देवघराच्या खिडकीवरचं ४ बाय ३ चं छोटं छप्पर तेवढं तांब्याचं करायचं ठरलं, पॉइंट सिक्सचा पत्रा, १२ चौरस फुटाला साधारण ६ किलो. देवळांचे कळस करणाऱ्या एका कारागिराने कडा दुमडून दुमडून जोडलं, वरून एकही खिळा दिसत नाही. आज ते तव्याच्या पाठीसारखं गडद तपकिरी झालंय आणि दुमडीच्या कोपऱ्यात बोटभर हिरवट. सकाळी ऊन आलं की दादा खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसतात, त्यातच पैसे वसूल.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. तांब्यावरून वाहिलेलं पाणी गॅल्व्हल्यूमवर कधीही पडू द्यायचं नाही, त्या पाण्यातून तांब्याचा अंश येतो आणि पत्र्याचं कोटिंग खातो, एसीच्या पाइपखालचं भोक त्यामुळेच पडलं होतं. आमच्या तांब्याच्या छपराची पागोळी सरळ खाली तुळशीच्या बाजूच्या फरशीवर पडते, आणि एसीच्या पाण्याला वेगळी नळी लावून ती मोरीत सोडलीय.

आता नवीन कामाबद्दल. घणसोलीचे मिस्त्री होते, माणूस कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी विचारलं पत्रा कशाने कापणार, तर म्हणाले ताई लांबी मोजूनच आणलाय, जिथे कापायचाय तिथे कात्रीने. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. स्क्रू मारताना रबरी वायसर नुसता दबला पाहिजे, बाहेर फुगला की ऊन लागून फाटतो, हे त्यांनी पोराला ३ वेळा दाखवलं, आणि कडेच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. भिंतीकडे सिमेंट नाही, वाकवलेली पट्टी आणि सिलिकॉन, तेही व्हिनेगरचा वास येणारं नको, त्यातलं आम्ल कोटिंग खातं, म्हणून पहिली ट्यूब त्यांनी परत पाठवली. रोज संध्याकाळी जाताना ड्रिलचा कीस मऊ झाडूने झाडून न्यायचे. लोखंडी फ्रेमसकट चौरस फुटाला २१० रुपये पडले, आसपासचे १६० मध्येही करून देत होते.

३ पावसाळ्यांत एक ठिपका नाही, एक थेंब नाही. वरच्या खोलीतला मे महिना सुसह्य झाला कारण स्लॅबवर आता थेट ऊनच नाही, आणि रंगही आम्ही मुद्दाम फिकट घेतला. आवाजासाठी खालून फोमची फॉइलवाली शीट लावली तरी जुलैतल्या सरीत गच्चीत उभं राहून फोनवर बोलता येत नाही हे खरंय, खाली खोलीत मात्र काही जाणवत नाही. वळचणीखालचा भाग पावसाने धुतला जात नाही, तिथे मीठ साचतं, म्हणून दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये नळी लावून साध्या पाण्याने धुते. परवानगीचं आधी बघून घ्या, आम्ही अर्ज करूनच काम सुरू केलं.

तक्रार एकच. पन्हळीला खाली येणारा पाइप त्यांनी अडीच इंची लावला होता, पहिल्याच जूनमध्ये पन्हळ भरून पाणी जिन्यात. फोन केला, मिस्त्री म्हणाले माझं चुकलं, तिसऱ्या दिवशी भर पावसात येऊन ४ इंची लावून गेले, पैसे दिले तर घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला.