मेगरवर स्टिकर आहे, पण मेगर तपासला कुणी?

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंत इलेक्ट्रिकलची कामं घेणाऱ्या बहुतेकांकडे हा माणूस एकदा तरी येऊन गेला असेल. बाइकवर येतो, पाठीला सॅक, हातात लॅमिनेट केलेलं रेटकार्ड. "शेठ, मेगर, अर्थ टेस्टर, क्लॅम्प मीटर, जे असेल ते द्या. एनएबीएल कॅलिब्रेशन, चारशे रुपये नग. उद्या सकाळी सर्टिफिकेट हातात." बोलायला गोड, लाइनमधली चार नावं तोंडपाठ, आणि चहाला नाही म्हणत नाही. त्याने मला कसं गंडवलं ते सविस्तर लिहितोय, कारण त्याचे स्टिकर लागलेली उपकरणं आजही या पट्ट्यात फिरतायत.

या लाइनमध्ये नसलेल्यांसाठी दोन शब्द. मेगर म्हणजे वायरिंगचं किंवा मोटारीचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते दाखवणारं उपकरण. साध्या ४१५ व्होल्टच्या कामाला ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट लावायचं आणि किमान १ मेगाओहम आलं पाहिजे, हा नियम वायरमनला झोपेतही सांगता येतो. अर्थ टेस्टर अर्थ पिटचा, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याचा, रेझिस्टन्स मोजतो. क्लॅम्प मीटर तारेभोवती धरून करंट मोजतो. आता मोजणारं उपकरणच चुकीचं असेल तर रिपोर्टवरच्या आकड्यांना काय किंमत? उपकरणाचे आकडे खात्रीच्या मास्टर उपकरणाशी ताडून बघणं म्हणजे कॅलिब्रेशन, आणि ते करणाऱ्या लॅबना मानांकन देणारी राष्ट्रीय संस्था म्हणजे एनएबीएल. म्हणून कंपन्या दरवर्षीचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागतात. ते फाइलला नसेल तर वर्क परमिट निघत नाही, बिल अडकतं. आणि अडकलेलं बिल सोडवायची घाई असते तिथेच हा सॅकवाला बरोबर पोचतो.

गेल्या पावसाळ्यात महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं वार्षिक मेंटेनन्सचं काम लागलं. सर्टिफिकेटची मुदत संपत आली होती. संध्याकाळी आमच्या पोऱ्याने उपकरणांची पिशवी भरून त्याच्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी सगळं परत आलं. प्रत्येकावर चकचकीत हिरवा स्टिकर, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेटं, कोपऱ्यात एनएबीएलचा शिक्का, खाली क्यूआर कोड. दिसायला आमच्या जुन्या लॅबच्या सर्टिफिकेटपेक्षाही देखणी. पैसे यूपीआयने गेले, फर्मच्या नाही तर त्याच्या स्वतःच्या नंबरवर. बिल "पाठवतो" म्हणाला, ते अजून यायचंय.

काम झालं, रिपोर्ट दिले. मग कंपनीचं सेफ्टी ऑडिट आलं आणि ऑडिटला आलेल्या मॅडमनी फाइल उघडली. आतापर्यंत पाहिलेले ऑडिटर सर्टिफिकेटवरची तारीख बघून पान उलटायचे. या मॅडम आकडे वाचत बसल्या.

मेगरच्या पानावर त्यांनी पेन टेकवलं. आमचा मेगर जुना, हँडल फिरवायचा, काट्याचा. त्याच्या डायलवर १०० मेगाओहमनंतर थेट अनंताची खूण आहे. सर्टिफिकेटवर १ गिगाओहमचं, म्हणजे १००० मेगाओहमचं, रीडिंग होतं, १.००२ गिगाओहम. डायलवर नसलेला आकडा काट्याने दाखवला तरी कसा? त्याच्या वरच्या ओळीत १० मेगाओहमला १०.०२ लिहिलेलं. काट्याचा मेगर ज्याने वापरलाय त्याला विचारा, दहा आणि वीसच्या मधली जागा एवढी दाटीची असते की दहा आहे की साडेदहा हे ठरवताना मान तिरकी करावी लागते. तिथे दशांश चिन्हापुढचे दोन आकडे! कुठल्या तरी डिजिटल टेस्टरचं सर्टिफिकेट घेऊन त्यावर आमचा सीरियल नंबर चिकटवलेला, सरळ दिसत होतं.

मल्टिमीटरचं तर त्याहून वर. त्याचा मिलीअँपिअरचा फ्यूज उडालेला होता. पोऱ्याला ते माहीत होतं, नवा फ्यूज आणायचा म्हणून त्याने मीटरच्या पाउचमध्ये चिठ्ठीही ठेवली होती. म्हणजे मिलीअँपिअरच्या रेंजवर त्या मीटरने शून्याशिवाय काही दाखवणं शक्यच नव्हतं. सर्टिफिकेट म्हणत होतं, १०० मिलीअँपिअरला १००.०३. चिठ्ठी पाउचमध्ये जशीच्या तशी होती, म्हणजे त्याने चेनसुद्धा उघडली नव्हती. स्टिकर पाउचवर मारला होता.

मग मॅडमनी बाकीचं सोलून काढलं. एनएबीएलच्या सर्टिफिकेटवर यूएलआर नंबर, म्हणजे त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक, असतो, तो दर सर्टिफिकेटला वेगळा असायला हवा. आमच्या सगळ्या सर्टिफिकेटांवर एकच. क्यूआर कोड स्कॅन केला तर एनएबीएलची किंवा लॅबची साइट उघडली नाही, कुणाच्या तरी ड्राइव्हवर ठेवलेला त्याच कागदाचा फोटो उघडला. मानांकनाचा जो नंबर छापला होता तो एनएबीएलच्या साइटवर टाकला, तर लॅब खरी निघाली, पण दुसऱ्या राज्यातली आणि काम प्रेशर गेज आणि वजनांचं. इलेक्ट्रिकलचा एकही रकाना तिच्या स्कोपमध्ये, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, नाही. मी त्या लॅबला मेल केला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, हा कागद आमचा नाही. बिचाऱ्यांचाही नंबर चोरीला गेला होता.

अजून एक गंमत. प्रत्येक पानावर तापमान २४.८ अंश, आर्द्रता ४८ टक्के. हे सगळं जुलैतलं. आर्द्रता एवढी खाली ठेवायची तर बंद, एसी चालू असलेली लॅब पाहिजे आणि उपकरण आधी काही तास त्या हवेत ठेवावं लागतं. तो तर पिशवी घेऊन रात्री गेला आणि सकाळी हजर.

त्याला फोन लावला. घाबरला नाही, उलट मलाच समजावायला लागला. "शेठ, तुम्हाला सर्टिफिकेट लागत होतं ना? दिलं. मीटर तर तुमचे चालूच आहेत की. सगळे असंच करतात." यातलं शेवटचं वाक्य अगदी खोटं नाही, म्हणूनच त्याचा धंदा चालतो. कंपनीच्या स्टोअरवाल्याला तारीख हवी असते, कॉन्ट्रॅक्टरला फाइल पूर्ण हवी असते. आकडा बरोबर आहे का याचं कुणालाच पडलेलं नसतं. हा माणूस ती नड ओळखून आहे.

कंपनीने आमचे सगळे टेस्ट रिपोर्ट रद्द केले. उपकरणं खऱ्या लॅबला गेली, दर चारशेच्या कितीतरी वर, आणि हातात यायला आठवड्याहून जास्त वेळ. निकाल मात्र वाचण्यासारखा आहे. म्हातारा मेगर ठणठणीत निघाला. क्लॅम्प मीटर थोडा जास्त दाखवत होता, पण मर्यादेत. अर्थ टेस्टर घसरलेला. १० ओहमच्या ठिकाणी तो ७.८ दाखवत होता. उपकरण जास्त दाखवत असेल तर फार तर पिटवर थोडा जादा खर्च होतो, कमी दाखवणारं उपकरण खराब पिट पास करतं. कंपनीची अट एक ओहमच्या आतची. खरा रेझिस्टन्स १.२ असताना आमच्या टेस्टरवर ०.९ च्या आसपास दिसायचं आणि आम्ही पास लिहून मोकळे. दुसऱ्या टेस्टरने सगळे पिट पुन्हा मोजले, जे अटीबाहेर गेले ते खोदून पुन्हा भरले. मजुरी आमच्याच अंगावर पडली.

लॅबला पाठवायच्या आधी घरच्या घरी अंदाज घेता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर थोडक्या पैशात मिळतात. १० ओहमचा एक घ्या. तीन टर्मिनलच्या अर्थ टेस्टरला त्याचं एक टोक ई ला आणि दुसरं टोक पी आणि सी एकत्र जोडून त्याला लावा. दहाच्या जवळ आकडा आला पाहिजे. मेगरसाठी १०० किलोओहमचे दहा एकामागोमाग जोडा, म्हणजे १ मेगाओहम होतो. एकच बारका मेगाओहमचा रेझिस्टर लावू नका, त्यातले बरेचसे ५०० व्होल्ट झेलण्यासाठी बनवलेले नसतात. दहांत वाटलं की प्रत्येकावर ५० व्होल्ट येतात आणि काही बिघडत नाही. मेगरच्या लीड उघड्या ठेवून अनंत आणि एकमेकांना लावून शून्य हे तर रोज बघायलाच हवं. अर्थात हे काही कॅलिब्रेशन नाही, ऑडिटला हे चालणार नाही. पण उपकरण वेडं झालंय का ते पाच मिनिटांत कळतं.

लॅब निवडताना एनएबीएलच्या साइटवर तिचा स्कोप स्वतः उघडून बघा. नुसतं मानांकन असून भागत नाही. इन्सुलेशन रेझिस्टन्स, डीसी व्होल्टेज, एसी करंट, तुमच्या उपकरणाला जे लागतं ते त्या यादीत, त्या रेंजसकट असलं पाहिजे. "तुमच्या जागेवर येऊन करतो" म्हणणाऱ्याच्या स्कोपमध्ये साइटवरच्या कामाचा वेगळा उल्लेख लागतो, लॅबमधल्या कामाच्या मंजुरीवर ते चालत नाही. सर्टिफिकेटवर प्रत्येक रीडिंगला अनिश्चितता, म्हणजे अन्सर्टन्टी, लिहिलेली हवी. ज्या मास्टर उपकरणाने तपासलं त्याचा नंबर आणि त्याची स्वतःची मुदत हवी. एनएबीएलचा शिक्का नाही म्हणून प्रत्येक लॅब चोर ठरत नाही, आपल्या मास्टर उपकरणांच्या तपासणीची दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत साखळी दाखवणाऱ्या प्रामाणिक छोट्या लॅबही आहेत. तुमचा क्लायंट ते मानतो का, एवढं आधी विचारून घ्या. स्टिकरवरच्या पुढच्या कॅलिब्रेशनच्या तारखेला मात्र फार भाव देऊ नका. लॅबसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे ती तारीख लॅबने आपल्या मनाने लिहायचीच नसते, ग्राहकाने मान्य केलं तरच.

तक्रारीचं म्हणाल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे, सोबत यूपीआयची नोंद आणि त्या खऱ्या लॅबचा मेल जोडलाय. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, बनावट दस्तऐवजाची कलमं वेगळी. शिक्क्याचा गैरवापर झाल्याचं एनएबीएललाही कळवलं. ग्राहक आयोगात जायचा विचार असेल तर धंद्यासाठी घेतलेली सेवा तिथे सहसा बसत नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने काम करणाऱ्याला थोडी वाट आहे. वकिलाला विचारून मगच पैसे भरा.

त्याचा जुना नंबर बंद झालाय. तुर्भ्याच्या एका मित्राकडे तो नुकताच येऊन गेला, लेटरहेड नवं, रेटकार्ड तेच. त्याच्याकडून कुणी काम करून घेतलं असेल तर हिरवे स्टिकर काढून टाका, सर्टिफिकेटं जपून ठेवा, पुरावा म्हणून लागतील. आणि सगळ्यांत आधी अर्थ टेस्टर तपासा. त्यावरून पास केलेले पिट कुठल्या साइटवर आहेत त्याची यादी काढा आणि त्या साइटवाल्यांना आजच कळवा.